बंदुकीची मूठ

"बसाले कुठं टाइम हाय, भाऊ? चाल्लो मी!" असं म्हणतच ते दुकानात शिरायचे. एक पाय आत, एक रस्त्यावर. चहा आला तर उभ्याउभ्या बशीत ओतून तोंड पोळून घ्यायचे. सोनाळ्यात माझं पंक्चरचं दुकान, आणि त्यांचं वांग्याचं वावर माझ्या वावराला लागून. त्यामुळे या माणसापासून मला सुटका नव्हती. असा एक जण तुमच्याही ओळखीत असेलच. पायाला भिंगरी, आणि आपण नुसते बसलेलो दिसलो तरी त्याला चैन पडत नाही.

सकाळी बाजार, मग कुणाची मोटर जळाली तिकडे, मग कुणाच्या सोयरिकीत मध्यस्थी. वावर राखायला उरायच्या एकट्या वहिनी. आणि सातपुड्यातून उतरणारी वानरं. टोळी आली की झाडंच्या झाडं उपटून जायची.

म्हणून त्यांनी अकोल्याहून प्लास्टिकच्या छर्‍यांची बंदूक आणली. पण वानराला मारणार कोण? मारोतीचं लेकरू ते, आमच्याकडे कुणाचा हात उठत नाही. तेव्हा दोन वावरांमधल्या धुर्‍यावरच्या बाभळीला तेलाचा रिकामा डबा टांगला. छर्रा डब्यावर मारायचा, टण्ण वाजलं की टोळी पळते.

पहिल्याच आठवड्यात घामानं मूठ निसटली आणि वहिनींचा छर्रा एका वानराच्या पाठीत लागला. वानर नुसतं दचकून पळालं. वहिनी मात्र रडल्या, मारोतीला तेल वाहून आल्या आणि म्हणाल्या, "मी नाही धरत आता हे. हातातून निसटते." बंदूक घरात पडली आणि वांगी वानरांच्या पोटात जाऊ लागली.

तेव्हापासून त्यांनी माझं डोकं खायला सुरुवात केली. "भाऊ, जुनी ट्यूब दे." ट्यूबचा तुकडा मुठीवर चढवला. घसरणं थांबलं, पण वहिनींच्या बोटांना मूठ जाड झाली. मग ट्यूब काढून बॅडमिंटनच्या रॅकेटची पट्टी गुंडाळली. अंगठ्याखाली जुन्या चपलेचा स्पंज घातला. नळी पुढं झुकते म्हणून मुठीच्या बुडाला लोखंडी वायसर बसवले. बोटं अडावीत म्हणून पट्टीखाली सुतळीचे वेढे दिले.

"पलटणीत धाडता काय हे बंदूक?" मी चिडवायचो.

"तुले काय समजते बे! तिच्या हातात जमली पाह्यजे."

सुतळीच्या वेढ्यांनंतर वहिनींनी बंदूक पुन्हा हातात घेतली. दिवसा डबा वाजू लागला, वांगी वाचू लागली. तरी तक्रार काही संपेना. रोज संध्याकाळी माझ्या वावरातून मला दिसायचं, खोपीसमोरच्या खाटेवर दोघं, त्यांच्या मांडीवर बंदूक.

"काय वं, जमली का?"

वहिनी मूठ धरून डब्यावर नेम लावून बघायच्या. "नाही जी. करंगळीपाशी जराक टोचते."

की ते पुन्हा सगळी पट्टी सोडायला घ्यायचे. दुसर्‍या दिवशी अंगठ्यापाशी टोचायचं. मला वहिनींचा राग यायचा. बाईमाणसानं किती चिकित्सक असावं!

गेल्या हिवाळ्यात बाजारातून येतानाच त्यांच्या छातीत कळ आली. गाडी शेगावच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. जातानाही घाईच. मला त्या माणसाचा अजून राग येतो, आणि दुकानाच्या दारात कुणी एक पाय आत टाकून उभं राहिलं की मी न विचारताच चहा सांगतो.

तेरवी झाली. चार दिवसांनी वावरात गेलो तर डबा वाजला, टण्ण. टोळी धुर्‍यावरून पळाली. वहिनी खोपीपुढे बंदूक धरून उभ्या होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर मुठीवरच्या पट्टीचं टोक सुटून लोंबत होतं.

"द्या वहिनी, मी नवी पट्टी लावून देतो. टोचणार नाही अशी करू."

त्यांनी बंदूक झटकन मागे घेतली. "नोका हात लावू, भाऊ. कुठंच टोचत नाही. दिवाळीच्या आधीच जमली होती हे."

"मंग रोज नाही काऊन म्हणत होत्या?"

सुटलेलं टोक त्यांनी अंगठ्यानं दाबून धरलं. नजर खाटेवर होती.

"जमली म्हणलं असतं, तर हे लगेच उठून गेले असते."