लाइल ह्रुस्काचं झोपेचं सोंग

लाइल ह्रुस्का पहाटे तीनला उठतो. गेली सोळा वर्षं उठतोय. बेकरीवाल्याला दुसरा इलाज नसतो; आम्हा सीडर रॅपिड्सच्या मंडळींना सकाळी सहाला जर्दाळू भरलेले गोड पाव, म्हणजे कोलाचे, गरमच लागतात, आणि ते काही आभाळातून पडत नाहीत. पण रविवारी बेकरी बंद असते, तरी या माणसाला जाग तीनलाच! मग घरभर खुडबुड. नळ आवळ, गाडी धू, सायकलीला तेल घाल. स्वस्थ पडणं म्हणून ठाऊक नाही.

याच खुडबुडीने गेल्या वर्षीच्या फादर्स डेचा विचका केला. त्याची लेक मॅरेन तेव्हा सहा वर्षांची. ती डोळे चोळत खाली आली, बाबाला अंथरुणात नाश्ता न्यायचा म्हणून, तर बाबा पॅनकेक करून, खाऊन, तवासुद्धा घासून मोकळा! पोरीने असं भोकाड पसरलं म्हणता! "तू झोपलाच नाहीस, तर मी उठवू कुणाला?" हाताने रंगवलेलं कार्ड तिने दिलंच नाही. लाइलला ते वर्षभर टोचत राहिलं.

म्हणून यंदा त्याने पक्कं ठरवलं. मॅरेन उठवेपर्यंत पलंगावरून हलायचं नाही, काय वाट्टेल ते होवो.

"तू? आठपर्यंत?" त्याची बायको डेनिस फस्सकन हसली. "बघूच हं."

फादर्स डेच्या रविवारीही तीनला डोळे टक्क उघडले. चार वाजले, पाच वाजले. बाथरूमला जावंसं वाटायला लागलं, पण तिथली लाकडी जमीन करकरते, सगळं घर जागं होईल. बिचारा पाय आवळून पडून राहिला. सातला खाली कपाटं आपटली. मग काहीतरी फच्चकन पडलं.

"अंडं!" हा मॅरेनचा धाकटा भाऊ, चार वर्षांचा ओटिस.

"पुसत बसू नकोस, कुत्र्याला हाक मार," मॅरेनचा हुकूम.

"शेगडीला मीच हात लावणार हं," डेनिस म्हणाली. थोड्या वेळाने करपल्याचा वास वर आला. लाइल उशीत तोंड खुपसून पुटपुटला, "अगं, तवा फार तापलाय! उलट! उलट ना आता!" पण उठला नाही. शाबास रे पठ्ठ्या!

शेवटी जिन्यावर पावलं वाजली. ट्रेमधला पेला खणखणत होता. लाइलने घाईघाईने डोळे मिटले, तोंड उघडं टाकलं, बारीकसं घोरायलाही लागला. दार उघडलं. आता आरोळी येणार, आपण दचकून उठायचं, 'अरे बापरे, हे कुणी केलं!' म्हणायचं. सगळी तयारी होती.

आरोळी काही येईना.

"उठव ना त्याला," ओटिस कुजबुजला. "मी उठवू?"

"हात लावलास ना, तर बघ!"

"पण पॅनकेक थंड होतील."

"होऊ देत. मी बाबाला झोपलेलं कधीच पाहिलं नाहीये. तू पाहिलंयस?"

ओटिसला विचार करावा लागला. "नाही."

"मग बघून घे."

दोघं पलंगाला टेकून खाली बसली. लाइलचं घोरणं आपोआप थांबलं. सोळा वर्षं सगळ्या गावाला वेळेवर खाऊ घातलं याचा त्याला केवढा अभिमान होता, आणि आता एकदम लाज वाटली. मग एक चिकट बोट त्याच्या भुवईवरून हळूच फिरलं, आणि त्याला फार फार सुख वाटलं.

"मॅरेन, बाबाच्या डोळ्यांतून पाणी येतंय."

"स्वप्न बघत असेल. तू एक पॅनकेक खा आणि गप्प बस."

बराच वेळ झाला तरी कुणी खाली येईना, तेव्हा डेनिस वर आली. "अरे, अजून उठवलं नाही त्याला?"

"श्श! आई, हळू बोल ना," मॅरेन म्हणाली. "आत्ताच कुठे झोप लागलीये त्याला."

लाइलने डोळे घट्ट मिटून घेतले.