पंख्याचा रेटा

लिहायला बसण्याआधी वाचकांची क्षमा मागतो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस मी. आपल्याजवळ सांगण्यासारखं काही आहे असं मानणं मला अजूनही आगाऊपणाचं वाटतं. चूक दिसली तर सांभाळून घ्यावं.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मी अमरावतीला कॉलेजात विज्ञान शिकत होतो आणि नाताळच्या सुट्टीत नेरला घरी आलो होतो. माय तिथल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, जिनीच्या यंत्राच्या तोंडी कापूस घालायची. दिवसभर कापसाचा बारीक भुगा धुक्यासारखा तरंगायचा आणि नाकातोंडात जायचा. त्या वर्षी तिचा खोकला बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, घरी असतानाही थांबेना.

मी धीर करून मालकांकडे गेलो. भिंतीत पंखा बसवून पत्र्याच्या नळातून भुगा बाहेर काढता येईल, असं कसंबसं बोललो.

मालक हसले. "लावतो ना पंखा! पण आपल्या इंजिनात तीन हॉर्सपॉवर शिल्लक हाय. त्याच्या वर लागली तं एक जिन बंद करा लागन. मंग त्या जिनीवरच्या बाया घरी. सांग कॉलेजवाले, पहिले कोनाले धाडू? तुह्या मायले?"

म्हणजे पंख्याला किती ताकद लागेल, यावर सगळं होतं. जिनिंगचे म्हातारे मिस्त्री म्हणाले, "बेटा, पांढरकवड्याले तसाच पंखा चालू हाय. जाऊन पाहून ये."

यवतमाळला बस बदलून मी तिथे गेलो. पंख्यापुढचा नळ नव्वद फूट लांब आणि तीन फूट रुंद होता. पंख्याजवळच्या झाकणातून मी चिमूटभर कापूस आत सोडायचो. तो पलीकडे बाहेर पडला की तिथला हमाल फडकं हलवायचा. तिथल्या मुनिमांच्या घड्याळाचा सेकंद काटा पाहत मी वीस वेळा मोजलं. दर खेपेला तीन सेकंदांच्या आसपास. वाऱ्याचा वेग म्हणजे सेकंदाला तीस फूट.

बाकीचं पुस्तकातून आलं. दर सेकंदाला किती वजनाची हवा किती वेगाने ढकलली, यावरून पंख्याचा रेटा निघाला पंधरा पौंड. नळाचं घर्षण आणि पट्ट्यातला तोटा धरून ताकद निघाली दोन हॉर्सपॉवर. मालकांनी कागद पाहिला आणि सगळ्यांसमोर पंखा मागवायचं कबूल केलं. मायने त्या दिवशी शेजारच्या दोन घरी गूळ वाटला.

पंख्याची चौकट किती भक्कम करायची ते मिस्त्रींना रेट्यावरून ठरवायचं होतं. एवढ्या मोठ्या पंख्याचा रेटा फक्त पंधरा पौंड, हे ऐकून त्यांनी भुवया वर केल्या.

"नळात काय टाकलं होतं तू?"

"कापूस, चाचा."

"कापूस का रुई?"

मिस्त्रींनी एका तळहातावर सरकीसकटचा कापूस घेतला, दुसऱ्यावर सरकी काढून पिंजलेली रुई, आणि दोन्हींवर हलकेच फुंकर मारली. रुई उडाली. कापूस जागेवरच राहिला.

"अरे, सरकी वाऱ्याच्या मांगं घसटत चालते. जिनिंगवालीचा पोरगा तू, अन् हे तुले समजू नये?"

जन्मभर कापूस पाहिलेला मी. हाताला पहिला तोच लागला होता, म्हणून तोच टाकला. दुसऱ्या दिवशी रुई घेऊन पुन्हा पांढरकवडा गाठलं. दोन सेकंद. वेग दीडपट. वेग वाढला की ढकलली जाणारी हवाही वाढते, म्हणून रेटा सव्वादोन पट होतो. आणि ताकद तर तिपटीहूनही जास्त. दोनाचे पावणेसात झाले.

मी आधी मायला सांगितलं.

"तुले कोनी इचारलं होतं?" ती म्हणाली. "आता कायले सांगतं मालकाले? लागू दे पंखा."

"पट्टा लावल्यावर इंजिनच सांगन, माय."

ती बराच वेळ खोकली. मग म्हणाली, "मंग जा. पन रिकाम्या हातानं नको जाऊ."

तिचा तो शब्द मनात धरून मी परत वही उघडली. वेगाबरोबर ताकद इतकी झपाट्याने वाढत असेल, तर वेग उतरवला की ती तितक्याच झपाट्याने पडायला हवी. वेग पाऊणपट केला तर पावणेसाताचे तीनच्या किंचित आत येत होते. वारा मात्र चार आण्यांनीच कमी. पंख्याची पुली, म्हणजे पट्ट्याचं चाक, मोठी केली की पंखा सावकाश फिरणार, झालं.

मालकांनी ऐकून घेतलं. "एकडाव दोन म्हनतो, मंग पावणेसात, आता तीन. उद्या काय म्हनशीन बाप्पा?" मिस्त्री नुसते म्हणाले, "पुली मी बनवतो, शेटजी." मालक हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. सुट्टी संपली आणि मी अमरावतीला परतलो.

पुढे दीड महिना काही कळलं नाही. मायला लिहिता येत नव्हतं, आणि विचारायची मला भीती वाटत होती. मग मिस्त्रींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं: पंखा लागला, मोठी पुली लावली, सगळ्या जिनी चालू आहेत. तुझी माय कामावर आहे. खोकला गेलेला नाही, पण ती म्हणते, आता समोरच्या जिनीवरच्या बाईचं तोंड दिसते.