मागून आलेली हाक

उमरेडच्या स्टँडवरून नागपूरची एसटी हलली आणि फाटकात बाबा आडवे उभे राहिले. ड्रायव्हर ओरडला, "मरतं का गा?" बाबांनी धापा टाकत खिडकीतून माझ्या हातात फाइल कोंबली. माझी सगळी मूळ प्रमाणपत्रं! ती न घेताच मी गोव्याला नोकरीवर रुजू व्हायला निघालो होतो.

घरी हातमागाजवळ राहिलेली फाइल त्यांना मी अंगणात असतानाच दिसली होती. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. म्हणून हा माणूस शेजाऱ्याची सायकल घेऊन, सगळ्या विणकर आळीला वळसा घालून माझ्या पुढे आला. "मांगून आवाज देल्ला असता तं तुयं काम बिघडलं असतं," म्हणाले. फाइलविना काय सुधारलं असतं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले, त्यांना असा एखादा चेहरा आठवत असेलच.

गोव्यात मी एका लहानशा संग्रहालयात जुन्या नदीमार्गांच्या नोंदी करतो. कुठल्या धक्क्यावरून होडी कुठे जायची, कोण चालवायचं, फेरीबोट आली तेव्हा त्यांचं काय झालं, पूल आला तेव्हा काय उरलं. कोळशाच्या खाणींच्या गावातला मी, पहिलं वर्ष भरती-ओहोटीच कळेना. आता ताटात सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, खोबरं घातलेली किसमूर नसली तर चुकल्यासारखं वाटतं. तिथले म्हातारे तारी, म्हणजे होडीवाले, सांगतात की होडी सुटल्यावरही काठावरून हाक आली तर परत वळायचं. बाबांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "काहून बुडत नाई थे लोक?"

गेल्या महिन्यात बाबा नागपूरला रामदासपेठेतल्या दवाखान्यात भरती झाले आणि मी गोव्याहून आलो. हृदयाचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी ठरलं. नेमकं त्याच दिवशी मला गोव्यात असायला हवं होतं. एका घाटावरचे शेवटचे तारी शुक्रवारी मुलाकडे लंडनला कायमचे जाणार होते. वर्षभर मागे लागल्यावर त्यांनी बोलायला वेळ दिला होता, तो गुरुवारचा. त्या घाटाची लेखी नोंद कुठेच नाही.

मी बाबांना विचारलं. खरं तर परवानगीच मागितली, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

"जाय गा तू. डॉक्टर हाये ना इथं."

बुधवारी दुपारी बॅग उचलली. पाया पडलो. दारापर्यंतची दहा पावलं मला फार लांब वाटली. हा माणूस मागून हाक मारणार नाही, याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर त्याच भरवशावर मी चालत होतो.

"थांब गा!"

मी मागे वळलो. बाबा उठून बसायला धडपडत होते, सलाइनची नळी ताणली गेली होती.

"नको जाऊ. मले भेव लागून राहिलं."

ऑपरेशन नीट झालं. तारी लंडनला गेले आणि आमच्या वहीत त्या घाटाचं पान कोरंच राहिलं. त्याची हळहळ वाटते, पण त्या दुपारी मी बॅग खाटेखाली सरकवली, तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा मला घरी आल्यासारखं वाटलं.