गांगुर्डे सरांची पोटनिवडणूक

वर्षातून एकदा गांगुर्डे सर वर्गात अंगातला कोट काढून खुर्चीवर ठेवत आणि पोरांपुढे हात जोडून मतं मागत. शेजारच्या वर्गात गणित शिकवताना मला मधल्या लाकडी फळ्यांच्या आडभिंतीपलीकडून सगळं ऐकू येई. विषय विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड. तिथे खासदार मंत्री झाला, की त्याला खासदारकी सोडून पुन्हा पोटनिवडणुकीला उभं राहावं लागे. "लोकांनी पाडलं, तर मंत्रिपदही गेलं," सर सांगत. "खुर्ची बदलली ना, मग लोकांना पुन्हा विचारायचं." परीक्षेत यावर प्रश्न कधीच येत नसे. स्टाफरूममध्ये आम्ही हसायचो.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. सर आम्हा एकवीस शिक्षकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी. संस्थेपुढे आमची बाजू तेच मांडत. त्या वर्षी संस्थेने त्यांना पर्यवेक्षक केलं. फार वर्षं वाट पाहिलेली बढती होती ती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मस्टरवर माझ्या नावापुढे लाल शेरा मारला. आता दिंडोरीची एस.टी. उशिरा आली, त्याला मी काय करणार? मी धुमसत होतो.

शनिवारी शाळा सुटल्यावर सरांनी खडूची रिकामी पेटी टेबलावर ठेवली. "तुम्ही निवडलंत तेव्हा मी तुमच्यातला होतो. आता मी चालतो का, चिठ्ठीवर लिहून टाका. नको म्हणालात तर प्रतिनिधीपद आणि पर्यवेक्षकपद, दोन्ही सोडीन."

"सर, कशाला हा उपद्व्याप?" चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

"पोरांना दरवर्षी सांगतो ना, बाई."

मी 'नको' लिहिलं. म्हटलं, एका चिठ्ठीने काय होतंय, राग तेवढा निघेल.

दहा 'हो', अकरा 'नको'. सरांनी चिठ्ठ्या पुन्हा मोजल्या, नीट घडी करून पेटीत ठेवल्या. प्रतिनिधीपद तिथल्या तिथे सोडलं, सोमवारी पर्यवेक्षकपद लेखी परत केलं. मुख्याध्यापकांनी परोपरीने समजावलं, पण ऐकतील तर ना. साधे शिक्षक म्हणूनच ते निवृत्त झाले.

काही वर्षांनी ते अंथरुणाला खिळले, तेव्हा पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. मला पर्यवेक्षक केल्याचं सांगायचं होतं. तोंडून भलतंच निघालं.

"सर, त्या दिवशी माझं मत..."

त्यांनी हात वर करून थांबवलं. "गुप्त मतदान होतं, पवार. सांगायचं नसतं."

मग म्हणाले, "एस.टी. वेळेवर येते का हल्ली?"

मला मान वर करवेना. बढतीचं सांगायचं राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात सर गेले.

खडूची ती पेटी स्टाफरूमच्या कपाटात होती. मी निवृत्त होईपर्यंत ती तिथेच राहिली. टेबलावर ठेवायची माझी छाती झाली नाही.