तुंब्यातलं गाव

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सरपंचांच्या नावांची पाटी आहे. माझ्या बापाचं नाव तिच्यावर नाही. नसणारच, तो सरपंच कधी नव्हता, कोतवाल होता. पण ती पाटी, ती भिंत आणि ती पंचायत ज्याच्यामुळे उभी आहे तो लटारू कोतवाल माझा बाप, हे मी तिथे गेले की दर खेपेला सांगते. नवे मेंबर कंटाळतात. कंटाळोत बापडे.

गाव कोसंबघाट. एका अंगाला वैनगंगा, तिन्ही अंगांना जंगल, मध्ये धानाच्या बांध्या आणि एक तलाव. गोंडटोला दोन कोस आत. मासेमार ढिवरांचा ढिवरटोला काठावर, पण हिवाळा सरला की निम्मे ढिवर टरबुजं लावायला रेतीवर झोपड्या घालून राहायचे. या साऱ्या पसाऱ्यातून बाप दर आठवड्याला फिरायचा आणि कोण जन्मलं, कोण गेलं ते ठाण्यात सांगून यायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं. कमरेच्या दोरीला जन्माची साधी गाठ, मरणाची दुहेरी. ठाण्याच्या बुकात चुका सापडल्या, बापाच्या दोरीत कधी नाही.

एकावन्न साली शिरगणती आली. मालगुजारांची जमीनदारी जाणार, गावोगावी पंचायती होणार, अशी हवा होती. तहसिलीच्या बाबूनं बापाला बजावलं, की हजार डोकी भरली तर कोसंबघाटाला स्वतःची पंचायत. नाही भरली तर गाव पाथरगावाला जोडणार. पाथरगाव नाल्यापलीकडे. पावसाळ्यात तो नाला चार-चार दिवस उतरू देत नाही. आणि पाथरगावचे लोक आम्हाला कधी खाटेवर बस म्हणाले नव्हते, ते विहीर काय देणार होते? बाप म्हणाला, "हजाराच्या वर हावो आमी. मोजून घ्या."

मोजायला शाळेचे बापूजी मास्तर. भला माणूस, अक्षर मोत्यासारखं. बाप पुढच्या घरी वर्दी द्यायला धावायचा, मास्तर मागून येऊन लिहायचे. पंधरा दिवसांनी बेरीज झाली. नऊशे बासष्ट.

बाप भडकला. "मास्तर, खाटेवर बसून मोजलं का तुमी? माह्या दोरीत गाठी हायेत!"

मास्तरांनाही राग आला. त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला आणि म्हणाले, "लटारूभाऊ, सांगितलं तेच लिहिलं. हे पाहा तुझंच घर. माणसं दोन."

आम्ही तिघं होतो. तिसरी मी, पाच वर्षांची.

बाप घरी आला तो दारातूनच ओरडत. "काऊन वो, पोरगी कुठी गेली? मेली का?"

आई, रुखमाबाई, चुलीपुढून उठली नाही. "असं अभद्र बोलू नका. मास्तरनं इचारलं, किती लेकरं? मी नाई सांगतलं. कोठीमागं बसवलं तिले."

आमच्याकडे लेकरं तोंडानं मोजत नाहीत. आकडा उच्चारला की नजर लागते. माझ्याआधी तीन गेली होती, आणि आईला पक्कं ठाऊक होतं की तिसऱ्याच्या बारशाला तिनं स्वतःच हौसेनं म्हटलं होतं, आता तीन झाले. वर्षात तिन्ही गेली, देवीच्या साथीनं. अशा बाईला कोणत्या तोंडानं रागवायचं? बाप ओट्यावर जाऊन बसला. गावातल्या कितीतरी आयांनी हेच केलं असणार, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्याची दोरी खरी होती आणि मास्तरांचे कागदही खरे होते, आणि गाव तरी पाथरगावला चाललं होतं.

दुरुस्तीसाठी सरकारनं तीन दिवस ठेवले होते. तीन दिवसांत दीडशेवर घरांना काय समजावणार? बापानं जेवायला नाही म्हटलं. मोठा हट्टी माणूस, पण तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मी पाहिलं.

ते आईनंही पाहिलं. थोड्या वेळानं तिनं पाण्याचा तुंबा, वाळक्या भोपळ्याचा, त्याच्यापुढे ठेवला आणि ओंजळभर चिंचोके. "तोंडानं आकडा सांगन नाई. पन जितके जीव तितके चिंचोके टाकीन. आपल्या हातानं. चालन का तुमच्या सरकारले?"

सरकारचं कोण जाणे, बापूजी मास्तरांना चाललं. नाव सांगायला कोणाची हरकत नव्हतीच, भीती आकड्याची होती, आणि मास्तर नेमकं पहिल्यांदा "किती?" विचारत होते! आता ते मुकाट उभे राहायचे. घरची बाई पदराआड मूठ नेऊन तुंब्यात सोडायची, आणि चिंचोका पडल्याचा आवाज झाला की मास्तर एकेक नाव विचारून लिहायचे. गोंडटोल्यातल्या बुधरीच्या घरी आधी चार माणसं लिहिली होती, तिनं आठ चिंचोके टाकले आणि वर मास्तरांकडे पाहून हसली. ढिवरांसाठी बाप कमरेएवढ्या पाण्यातून रेतीवर गेला, तुंबा डोक्यावर धरून.

तिसऱ्या दिवशी शेवटचं घर आमचं. आईनं एक टाकला, दुसरा टाकला. तिसरा मुठीतच राहिला. मी तिच्या लुगड्याला धरून उभी होते. बाप घाई कर म्हणाला नाही. दोन्ही हातांनी तुंबा धरून नुसता उभा राहिला. मग तिनं माझा हात धरला, माझ्या मुठीत तो चिंचोका ठेवला आणि माझ्याच हातून टाकवला. मास्तरांनी लिहिलं, चंदा लटारू, वय पाच.

शाळेत चटईवर दहा-दहाचे ढीग लावले. मास्तरांनी आकडा पाटीवर लिहिला, उच्चारला नाही. एक हजार एकेचाळीस. बापानं डफडं उचललं, गावात मुनादी द्यायला. मला त्या क्षणी वाटलं, माझ्या बापाएवढा उंच माणूस तालुक्यात नसेल.

"थांबा जरा," आई म्हणाली.

तिनं सगळे चिंचोके पुन्हा तुंब्यात भरले, एकही खाली राहू दिला नाही. तोंडाला फडकं बांधलं. मग मूठभर मीठ-मिरच्या घेऊन तुंब्यावरून सात वेळा उतरवल्या आणि शाळेच्या अंगणात पेटलेल्या गोवरीवर टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण ठसका काही कोणाला लागला नाही. आमच्यात ही नजर असल्याची खूण.

"पाहा," आई बापाला म्हणाली, "अख्ख्या गावालेच लागली होती. आता वाजवा."