सुमनबाईंची रिकामी शिशी

"भाऊ, यात काय लिहिलं ते सांगा बरं. डॉक्टर लय भराभर बोलले."

सुमनबाईंनी यवतमाळहून आणलेला कागद काउंटरवर ठेवला. नेरच्या बसस्टँडमागे माझं मेडिकल. बाई चार घरं पलीकडे ब्लाउज शिवतात. कागद वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, उजवा जवळजवळ गेलेला. कारण: स्टेरॉइड ड्रॉप्सचा दीर्घ वापर.

ते ड्रॉप्स मीच दिले होते.

आमच्याकडे औषधाचं नाव कोणी सांगत नाही. रिकामी शिशी काउंटरवर ठेवायची आणि "हेच द्या" म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी बाईंनी अशीच एक शिशी ठेवली. सासूच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली.

"शिवून शिवून डोये चुरचुरत होते. हे टाकून पाह्यलं त लाली एका दिवसात गेली, पहा!"

मी मोठा शहाणा! उपदेश तेवढा केला. हात धुवा, शिशीचं टोक डोळ्याला लावू नका, उघडल्यावर महिन्याने फेकून द्या. बाईंनी शब्द न् शब्द पाळला. महिना भरला की शिशी घेऊन हजर. "झाला जी महिना!" मीही हसून नवी काढून द्यायचो. बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचो, औषध घ्यावं तर सुमनबाईंसारखं. तुम्हाला हे लिहून कोणी दिलं, एवढं मात्र एकदाही विचारलं नाही.

स्टेरॉइडने लाली दबते, मूळ कारण तसंच राहतं. फार दिवस टाकलं तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. कडेचं दिसणं आधी जातं. बाईंचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायला लागला, तेव्हा त्या यवतमाळला गेल्या.

मी सगळं समजावलं. माझी चूकही सांगितली.

"मंग औषधानं नजर वापस येईन न, भाऊ?"

"गेलेली येत नाही, बाई. उरली तेवढी राखायची."

बाई कागदाची घडी घालत राहिल्या. "सुईत दोरा त आताच नाही ओवता येत मले."

मला रडू आवरेना. उलट त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या. तुमी सांगतलं तसंच त केलं मी."

दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे वाक्य अजून खातं मला.

आता रिकामी शिशी दिसली की आधी डॉक्टरची चिठ्ठी मागतो. वरातीमागून घोडं! लोक चिडतात, समोरच्या दुकानात जातात. डोळे लाल झाले तर आधी डोळे दाखवा, शिशी नंतर. एवढं सांगायला लागण्यासाठी एका बाईचा डोळा जावा लागला.

सुमनबाईंनी शिवणकाम सोडलं. दर महिन्याला दाब कमी करणारे ड्रॉप्स न्यायला येतात. काउंटर हाताने चाचपतात, चिठ्ठी ठेवतात आणि न विचारता सांगतात, "हात धुऊनच टाकते बरं, भाऊ."