दिनूदादाचे घरगुती ब्लूज

आमच्याकडे पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "वसूताई, ती बाजारभावाची गोष्ट सांगा ना!" एक सांगावी तर मागून दुसरी येते. शिवाय युसूफभिया समोर बसलेले असतील तर मध्येच मला दुरुस्त करतात, आणि त्या भांडणाचा आणखी एक किस्सा होतो. असं करत करत ढीग झालाय.

तर माझा मोठा भाऊ दिनकर, म्हणजे दिनूदादा. इंदूरला सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होता. दिवसभर पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचा आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवायचा. मध्य प्रदेश होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी आमचे बाबा चुकून 'आपलं संस्थान' म्हणायचे. अशा घरात हा परदेशी ब्लूज-रॉक! दादा गिटार वाजवत गायचा, मी हार्मोनियमवर आणि जुन्या इंदुरात पंख्यांच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणारे युसूफभिया ढोलकवर; 'भैया'चं आमच्याकडे 'भिया' होतं. चौथा मेंबर खूप शोधला. कुणी तयारच झालं नाही!

*

दादाचा पहिला गुरू म्हणजे आमचा शॉर्टवेव्ह रेडिओ. कुठलंसं परदेशी स्टेशन संध्याकाळी लागायचं, लागता लागता जायचं, परत यायचं. दादा कान लावून जेवढं ऐकू येईल तेवढं गिटारवर बसवायचा.

महूला पीटर अंकल राहायचे, फौजेच्या बँडमधून रिटायर झालेले. दादाने त्यांना एक गाणं वाजवून दाखवलं. अंकलनी हात वर केला.

"इधर रुकता क्यों है, मैन? अच्छा जा रहा था!"

"अंकल, इथे रेडिओ जायचा."

अंकलनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "रहने दे. वो रुकना ही बेस्ट है. बाकी सब तो कोई भी बजा लेगा!"

ब्लूज म्हणजे काय, हेही त्यांनीच सांगितलं. "दुख बताने का, लेकिन पाँव पटक के. रोने का नहीं." दादाने तिथल्या तिथे ठरवलं, गाणी आपली आपण लिहायची, आणि मराठीत.

*

पहिलं गाणं झालं, 'नळाला पाणी नाही, डोळ्यांत आणू कुठून'. एकच ओळ दोनदा, मग तिचं उत्तर. बाबांनी ऐकलं आणि विचारलं, "हे ऑफिसचं काम आहे का?"

बाबांच्या मनात होतं, पोराने शास्त्रीय शिकावं. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या एका बुवांना घरी बोलावलं. बुवा गादीवर बसले, डोळे मिटून सगळं ऐकलं. दादा तार ओढून सूर वर न्यायचा तेव्हा त्यांची मान जराशी हललीसुद्धा. बाबा खूश!

"मींड चांगली आहे," बुवा म्हणाले. "पण राग कुठला हा?"

दादा म्हणाला, "आलेला, बुवा."

बाबा उठून आत गेले. बुवा मात्र हसून हसून ठसकले, आणि जाताना दाराशी मला हळूच म्हणाले, "त्याला म्हणावं, उतरू देऊ नकोस!"

*

गिटार साधी होती, आवाज मोठा हवा होता. इलेक्ट्रिक गिटार इंदुरात कुठून आणणार? तारांचा आवाज पकडणारं यंत्र घरीच करायचं म्हणून दादाने जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं आणि युसूफभियांच्या दुकानात गेला.

"इस पे तार लपेट दो."

"कौन से पंखे का है?"

"पंखे का नहीं, गिटार का."

"चलेगी कित्ते नंबर पे?"

तरी लपेटून दिली. शेकडो फेरे, हाताने! रेडिओचा अँप्लिफायर जोडला आणि आम्ही गणपतीच्या मांडवात उभे राहिलो. समोर सगळे व्यापारी सहकुटुंब. दुसऱ्या कडव्याला दादाने तार ओढली आणि स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, "आता ऐकूया कापसाचे भाव..." हे अर्थात हिंदीत. आमच्या गिटारने आकाशवाणी पकडली होती!

मी हार्मोनियम सोडली. दादाने गिटार सोडली नाही. भाव वरून चालू, गाणं खालून चालू. कापूस वधारल्याचं सांगितलं आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला! दादाने त्याच टाळ्यांवर शेवटचं कडवं म्हणून टाकलं.

युसूफभिया ढोलक आवरताना खुशीत म्हणाले, "कुछ भी बोलो भिया, स्टेशन साफ पकड़ा!"

*

हा किस्सा मी पाहुण्यांना नेहमी सांगत नाही.

ऑफिसच्या जीपच्या दारात दादाचा डावा हात सापडला. बाकी बोटं वाचली, करंगळीशेजारचं बोट कायमचं ताठ झालं. डॉक्टर म्हणाले, "हे आता वाकणार नाही. नकाशे काढायला उजवा हात शाबूत आहे, नशीब समजा."

दादाने गिटार खोळीत घातली आणि खोळ कपाटावर. चार महिने ती तिथेच. आई जेवायला वाढताना त्याच्या हाताकडे बघायची नाही. मी हार्मोनियम उघडली की तो चपला घालून बाहेर जायचा, म्हणून मीही उघडेनाशी झाले.

मग एके दिवशी ऑफिसातून येताना त्याने पितळी नळीचा बोटभर तुकडा आणला, नळाच्या कामातून उरलेला. घासून घासून त्याच्या कडा गुळगुळीत केल्या आणि त्या ताठ बोटात घातला. कपाटावरची गिटार काढली, नळी तारेवर टेकवून सरकवली. माणूस हाक मारतो तसा आवाज आला. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं लाटणं थांबलं.

"पीटर अंकल म्हणाले होते, तिकडे काही लोक असंच वाजवतात," दादा म्हणाला. "ह्याला न वाकणारं बोटच लागतं."

पुढे डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा विचारलं, "दुखत नाही?"

"दुखतं ना! पण आता सुरात दुखतं."

*

दहा गाणी तयार झाली. दादा नमुन्याची टेप घेऊन मुंबईला गेला, एका रेकॉर्ड कंपनीत. साहेबांनी दीड गाणं ऐकलं.

"भाषा मराठी, चाल इंग्रजी, माणूस इंदूरचा. दुकानदाराने हे ठेवायचं कुठल्या कप्प्यात? भावगीत? नाट्यगीत?"

"वेगळा कप्पा करा."

"तो कोण करणार?"

दादा इंदूरला परतला तो थेट लाकडाच्या वखारीत. रविवारी सकाळी युसूफभियांच्या दुकानात, मोटारी आणि कॉइलच्या मधोमध, भिंतीवर एक फळी ठोकली. वर रंगाने लिहिलं, 'मराठी ब्लूज'. फळी रिकामी.

युसूफभिया म्हणाले, "माल किधर है?"

दादा म्हणाला, "कप्पा तर झाला!"

*

मग माल करायला घेतला. आमच्या मधल्या खोलीत, भिंतींना गोधड्या लावून, एका टेपरेकॉर्डरवर. पण दर वेळी गाणं रंगात आलं की शेजारच्या लेलेकाकूंचा कुकर शिट्टी द्यायचा. चार रविवार वाया गेले. शेवटी दादाने मला पाठवलं, काकूंना जरा थांबायला सांग म्हणून.

काकू पदर खोचून उभ्या राहिल्या. "माझं वरण थांबणार नाही. तुम्ही संगीतवाले ना? शिट्टी कुठल्या सुरात आहे ते बघा आधी!"

मी घरी येऊन हार्मोनियमवर पाहिलं. बरोब्बर काळी पाच! दादाने गिटार त्या सुरात लावली आणि सगळी दहा गाणी तशीच भरली. ज्यांना ठाऊक नाही ते विचारतात, "ती बासरी कोणी वाजवली हो?"

*

एकेक कॅसेट दुसऱ्या टेपवर पूर्ण वाजवून कॉपी करायची, वर हाताने नाव लिहायचं, फळीवर ठेवायची. वर्ष दीड वर्ष हेच चाललं. पंखा घ्यायला आलेल्याला युसूफभिया कॅसेट दाखवायचे. कोण नेतं, ऐकतं की नाही, काही कळायचं नाही. आवडलं म्हणून एकही चिठ्ठी नाही, सांगायला आलेला एकही माणूस नाही.

त्याच सुमारास मी आणि दादा महेश्वरच्या एका लग्नाहून परत येत होतो. धामनोदला बस बिघडली. भर दुपार. एका सरदारजींनी ट्रक थांबवला, "आओ बहनजी, इंदौर तक छोड़ दूँगा." आम्ही त्यांच्या शेजारी बसलो.

मानपूरचा घाट सुरू झाला तसा त्यांनी गिअर टाकला आणि समोरची कॅसेट आत ढकलली. दादाचा आवाज आला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली.

ट्रक कण्हत चढत होता. सरदारजी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून होते. जरा वेळाने दादानेच विचारलं, "ये कौन सी भाषा है?"

"पता नहीं जी. मराठी होगी."

"समझता है?"

"एक लफ़्ज़ नहीं! पर ये बंदा घाट में साथ में ज़ोर लगाता है. ख़ाली गाड़ी हो तो नहीं बजाता, माल भरा हो तभी."

दुसऱ्या वळणावर दादाने विचारलं,

"और दूसरी साइड?"

"उसके गाने ढीले थे, भाईसाब. उस पे मैंने गुरुद्वारे के शबद भरवा लिए."

इंदूरच्या अलीकडे आम्ही उतरलो. ट्रक दिसेनासा होईपर्यंत दादा रस्त्याच्या कडेला उभा होता. माझे डोळे भरून आले होते आणि रागही आला होता. म्हटलं, "अरे, सांगितलं का नाहीस? तूच आहेस म्हणून?"

दादाने बॅग खांद्यावर घेतली.

"चल लवकर," तो म्हणाला. "दुसरी बाजू नव्याने करायचीय."